गुरुपादबाबूची विभूती

लाईट गेली तर गेली. मोबाइलची बत्ती बंद कर बे रवि, डोळ्यात मारू नको. सांगतो. पण मधी बोलायचं न्हाई, अन् नंतर जेवण जाईना म्हणून मला बोल लावायचा न्हाई.

आपल्या परळीचंच हाय. पंच्याण्णव साल. माझ्या शेजारी गुरुपादबाबू राहायचा, सरकारी कचेरीत कारकून. घरात तो अन् त्याची आई, महानंदाकाकू. काकूच्या तोंडाचं पार बोळकं झालतं, एक दात शिल्लक न्हवता. पण बाई लई नेमाची. पहाटे अंघोळ, तळहातावर लिंग घेऊन पूजा, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, अन् एक चिमूट जिभेवर. त्याशिवाय पाण्याचा घोट न्हाई.

तवा कचेरीतल्या ज्याला-त्याला जोडधंद्याचं खूळ लागलतं. कुणी एसटीडी बूथ टाकला, कुणी विम्याची एजन्सी घेतली. घरोघरी केबल आली, रंगीत टीव्ही आले, नुसत्या पगारात काय भागतंय? गुरुपादनं विभूतीचे गोळे करून विकायचं काढलं. त्यात वाईट काय न्हवतं. शेणाच्या गवऱ्या जाळायच्या, राख फडक्यातून गाळायची, पाण्यात निवळू द्यायची, गोळे वळून वाळवायचे. पहिल्या खेपेला काकूनं स्वतः शिकवलं. त्यातलीच एक डबी भरून तिनं आपल्या पूजेला ठेवली.

मग धंदा वाढला अन् इमान पातळ झालं. गवऱ्यांच्या राखंत कोळशाची राख मिसळायला लागला. पण ती काळपट, लोक नाक मुरडायलते. शिवरात्र तोंडावर आलती, दुकानदारांचा तगादा. गुरुपादला पांढरी, मऊ राख पायजे होती. ढीगभर. तीबी लगेच.

आता सांगा, पांढरी राख ढिगानं कुठं असती?

थू! सांगतानाबी तोंडाला पाणी सुटतं, ओकायच्या आधी सुटतं तसलं.

गुरुवारी रात्री सायकलला पोती बांधून गेला की मसणवाट्यात. बुधवारी तिथं बायनाबाईला अग्नी दिलता. बायनाबाई म्हंजी त्याच्याच कचेरीतल्या शिपायाची, बजरंगची आई. राख गार झालती. भरली. हातानं.

शुक्रवारी बजरंग राख सावडायला गेला तर नुसती काळी जमीन. हाड न्हाई, राख न्हाई. गंगाखेडला गोदावरीत सोडायचं काय? कचेरीत येऊन गुरुपादच्याच टेबलापुढं रडला. "बाबू, कुत्र्यांनी नेलं म्हणावं तर राखबी न्हाई हो. माय कुठं गेली माजी?" अन् ह्या हरामखोरानं काय करावं? चहा पाजला त्याला! गुरुपाद लिंगायत, त्यांच्यात पुरतात, जाळत न्हाईत, त्याला राखंचं मोल कावून कळंल, असं म्हणाल तुमी. सगळं कळत होतं बे. गिऱ्हाईक दिसलं की माणूस कळून न कळल्यासारखं करतो.

पुढचं मला गुरुपादनंच सांगितलं, लई वर्षांनी. रविवारी, शिवरात्रीच्या आदल्या रात्री, तो मागच्या खोलीत गोळे वळायलता. बारा वाजून गेलते. काकू पुढं ओसरीवर निजलेली. ओल्या राखंला वास येत होता. करपलेल्या केसांचा. काल न्हवता तो. त्यानं अत्तर शिंपडलं, तरी वास गेला न्हाई. एक गोळा फळीवर ठेवला. दुसरा ठेवायला वळला, तर पहिल्यावर बोटं उमटलेली. चार बोटं. बारीक. म्हाताऱ्या बाईची...

पुसली. परत उमटली.

तेवढ्यात ओसरीवरून काकूचा आवाज.

"कोण? बायना का? ये की..."

गुरुपादचे हात राखंतच राहिले.

"बस... काय म्हणतीस?..."

गप्प.

"माज्या लेकानं?..."

नुसता काकूचाच आवाज, दुसरा कुणाचाच न्हाई.

तो उठला. दाराशी गेला. काकू अंथरुणात बसलेली. एकटीच.

"गुरुपादा, बायना आलती. म्हणती, तुजा लेक मला घरी घेऊन आलाय. खरं हाय का?"

एक शब्द खरा बोलला असता तर सुटला असता गडी. राख बजरंगला परत मिळाली असती. पण माल तयार होता, सकाळी दुकानं उघडायची होती. म्हणाला, "सपान पडलं आसंल, माय. झोप."

सकाळी माल गेला. जत्रेतल्या कपाळाकपाळावर गेला. शी! मीबी लावली त्या दिवशी. अजून अंघोळीला बसलो की कपाळ दोनदा घासतो.

काकूनं अंघोळ केली. विकायच्या मालाला हात न्हाई लावला, आपली जुनी डबी उघडली. शेणाची, तिच्या हातची. तीन पट्टे ओढले. चिमूट जिभेवर ठेवली... अन् थांबली.

तळवा तोंडाशी नेला. मूठ मिटली. तशीच ओल्या केसांनी बजरंगच्या घरी आली. मी तिथंच बसलतो, त्याला धीर द्यायला. तिनं मूठ उघडली.

दात होता. मिश्रीनं काळा, कोपरा उडालेला. जळलेला न्हाई... ओला. बजरंगनं बघितला अन् "माय गं!" म्हणून हंबरडाच फोडला. सगळी गल्ली वळखायची त्या दाताला. बायनाबाई हसली की आधी तोच दिसायचा.

त्यानं दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला. "काकू... कुठं घावला हो?"

काकूनं पदरानं ओठ पुसले. परत पुसले. मग ते रिकामं बोळकं आमच्यापुढं उघडलं, अन् आत बोट लावलं...

"हितं," म्हणाली.