हात बदला

त्यांची पहिली भेट एका प्लॅस्टिकच्या माणसाच्या छातीवर झाली. अतिदक्षता प्रशिक्षणाचा पहिला दिवस. शिकवणाऱ्या बाईंनी "दाब द्या" म्हटलं आणि दोघांनी एकदमच हात ठेवले. तिचे खाली, त्याचे वर.

"माफ करा, सिस्टर."

"आधी हात काढा, माफी नंतर मागा."

त्यानं हात काढले. कान मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत लाल होते. नर्स असल्यानं माणसाचा रंग बघण्याची तिला सवयच होती. त्यात विशेष काही नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं.

तो अपघात विभागातला ब्रदर. उंचीमुळे सगळे त्याला लांबू म्हणत. ती सर्जरीच्या वॉर्डातली. पुतळ्याचं नाव वर्गानं 'मामा' ठेवलं होतं. मामा रोज चार-पाचदा मरत आणि चहाच्या सुट्टीच्या आत बहुधा परत येत. मॉनिटरवरची रेघ सपाट झाली की वर्गाचा जीव वर-खाली होई. ती मात्र आधी मामांच्या मानेवर बोटं ठेवी. नाडी लागली की शांतपणे सुटलेली वायर पुन्हा चिकटवी.

"मशीनपेक्षा माणसावर विश्वास दिसतो तुमचा," लांबू म्हणाला.

"विश्वास माणूस बघून ठेवते," ती म्हणाली.

तिला आयसीयूतच जायचं होतं. वडील तिथे गेले तेव्हा ती काचेबाहेर उभी होती. याबद्दल ती कुणाशी बोलत नसे. घरी आई, आईची औषधं, बाजारहाट, सगळं एकटीच ओढायची. कुणी "कशी आहेस?" विचारलं, तर "मजेत."

परीक्षेत नियम साधा होता. छातीवर दाब देणाऱ्यानं दोन मिनिटांनी जागा सोडायची. त्याआधी दमला तर स्वतःच "बदला" म्हणायचं. दमलेला हात उथळ पडतो आणि मेंदूला रक्त पोचत नाही. ती दाब देत होती. शेजारी लांबू हात तयार ठेवून. मामांच्या छातीवरचा हिरवा दिवा पिवळा झाला.

"सिस्टर, बदला."

"जमतंय मला."

"दाब कमी पडतोय—"

"जमतंय म्हटलं ना!"

बाईंनी घड्याळ थांबवलं. "मामा गेले," त्या म्हणाल्या. "तुमच्या हट्टापायी. सोमवारी पुन्हा परीक्षा. तेव्हाही असंच केलंत, तर आयसीयू विसरा."

जिन्यात तिनं त्याला गाठलं. "सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?"

"मी पेशंटकडे बघून बोललो. बाकीचे लक्षातच नाही आले."

"पुतळा होता तो!"

"मग एवढा राग कशाचा?"

बाहेर सायकलींवरच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. ती पायरीवर बसली. तोही बसला, दोन पायऱ्या खाली. तेव्हा कुठे नजरेला नजर आली.

"बाबांना दाब देणारी सिस्टर दमली होती," ती म्हणाली. "काचेतून दिसत होतं मला. कुणी तिला बाजूला केलं नाही… आणि आज मीच—"

तो म्हणाला, "तिलाही वाटलं असेल… जमतंय."

ती रडली नाही. त्यानंही खिशातला रुमाल बाहेर काढला नाही, याबद्दल तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ड्युटी संपली की सराव. तिला उभं राहून दाब देता यावा म्हणून तो स्टूल घेऊन आला.

"वजन खांद्यातून येऊ द्या, मनगटातून नको. आणि दमलात की बोला. आत्ता दमलात."

"तुम्हाला काय माहीत?"

"दमलात की तुमची डावी भुवई वर जाते."

"दाब बघा, भुवई काय बघता!"

"दाबावर लक्ष ठेवायला दिवा आहे. भुवईला कोण आहे?"

तिची लय चुकली. मामांनी तक्रार केली नाही. पुढे एका सरावात दम खाताना तिनं आईची औषधं, बाजारहाट, सगळं त्याला सांगून टाकलं.

सोमवारी, वेळ संपायच्या आधीच, तिनं स्पष्ट आवाजात "बदला" म्हटलं. त्याचे हात आले, दिवा हिरवाच राहिला. बाईंनी मान डोलावली. "आयसीयूत पहिल्या तारखेपासून या."

पावसामुळे दोघं दारातच थांबले. तो बुटांकडे बघत म्हणाला, "आमची आई म्हणते, सून नर्स नको. घरात एक नर्स झाला तेवढा पुरे."

"बरोबर म्हणतात."

"म्हणून म्हटलं… मीच तुमच्याकडे राहायला आलो तर? आईपाशी थोरला भाऊ आहे. तुमच्या आईची औषधं, बाजार… निम्मं मी बघेन. जावई नर्स चालेल का त्यांना?"

'माझं मी बघते' हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"स्वयंपाक येतो?"

"येतो. करपलेला."

"मग औषधं आणि बाजार तुमच्याकडे." तिनं छत्री उघडून त्याच्या हातात दिली. "चला, आई उठली असेल. स्वतःच विचारा तिला. आणि छत्री जरा खाली धरा… मी भिजतेय."