मिळवायचा राहिलेला हात

“पाय लागला ना मला? आधी हात मिळव, मग दात काढ,” गोंबो आजोबांनी नातवाला दटावलं. “उजवा. डावा चालत नाही. हात मिळवला नाही तर वैर राहतं. आपल्या शेजारच्या शागदरचं राहिलं.”

नातवाचं हसू मावळलं. आजोबांनी चुलीत शेण्या सारल्या.

शागदर मंगोलियाच्या सरहद्दीवरच्या झामिन-ऊद गावाहून चीनमध्ये जीप हाकायचा. सरहद्द पायी ओलांडायला मनाई, त्यामुळे जीपमध्ये माणसं नुसती कोंबलेली. नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी तो शेवटची खेप घेऊन परतत होता. दोन्ही देशांच्या फाटकांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात दुसरी जीप बंद पडलेली. तिच्यातले दोघे व्यापारी याचे दोस्त. त्यांना जागा करायला यानं दुलमा नावाच्या म्हातारीला खाली ओढलं.

“मावशी, पुढची जीप घेईल तुम्हाला.”

पुढची जीप नव्हतीच. मेल्याला पक्कं ठाऊक होतं.

ओढताना याचा बूट तिच्या पायावर पडला. तिनं रीतीप्रमाणे हात पुढे केला. “हात मिळव रे बाबा, आणि ने मला घरी.”

यानं दार लावून घेतलं.

सकाळी ती गोठलेली सापडली. हात तसाच पुढे. ‘म्हातारी आपणहून उतरली,’ असं हा गावभर सांगत सुटला.

वर्ष सरलं. तीच संध्याकाळ, सहाला वीस कमी. माणसं पलीकडे सोडून हा एकटाच परत निघाला. त्या पट्ट्यात आला, आणि सीटखालून त्याच्या टाचेला कुणाचा तरी पाय लागला. जन्माची सवय. मागं न बघता यानं उजवा हात मागे केला.

तो कुणीतरी धरला.

जीप तर रिकामी होती...

हात सुटेना. गार. आणखी गार.

“मावशी... चुकलो मी. घरी नेतो... आत्ता नेतो...”

कानाशी, अगदी मायेनं, आवाज आला.

“पुढची जीप घेईल.”

पहाऱ्यावरच्यांना तो पहाटे सापडला. हीटर चालूच होता. हात मनगटापर्यंत गोठलेला. डॉक्टरांनी कापला.

“म्हणजे फिटलं वैर,” नातू हळूच म्हणाला.

“त्यालाही तसंच वाटलं. मग बायकोनं त्याचे बूट पाहिले. डाव्यावर बाईच्या पावलाचा ठसा, बर्फाचा. जाताना त्याच्या पायावर पाय देऊन गेली ती. आता हा मिळवणार कुठला हात?”

आजोबांनी चुलीत आणखी एक शेणी सारली.

“गेले तीन उन्हाळे त्यानं तो बूट आपल्या घरच्या चुलीशी ठेवलाय. ठसा अजून वितळलेला नाही.”