टाकी, पंखा आणि चार तास

प्रेमात घाई करू नये, असं जाणती माणसं फार गंभीरपणे सांगतात. जाणत्या माणसांनी तळहाताएवढ्या कॉम्प्युटर-बोर्डावर प्रोग्राम कंपाइल केलेला नसतो.

चंदर टोकावड्याच्या पाणीयोजनेचा पंप सांभाळायचा. टाकीची पातळी बघून पंप आपोआप चालू-बंद करणारी एक पेटी तिथे बसवलेली होती. तो बोर्ड त्या पेटीत. श्रावणात शहापूरच्या ऑफिसातून रेश्मा पहिल्यांदा आली, ती लॅपटॉपवर चार मिनिटांत तयार केलेला प्रोग्राम मेमरी कार्डात घेऊन. बोर्डाने तो चालवलाच नाही.

"बोर्डातली लायब्ररी, प्रोग्राम जिच्या आधाराने चालतो ती, जुनी आहे," ती म्हणाली. "निघायच्या आधी विचारायला हवं होतं."

"मंग आता?"

"इथेच, बोर्डावरच कंपाइल करायचं, म्हणजे प्रोग्राम नव्याने तयार करायचा. पण वेळ लागेल…"

"लागू द्या," चंदर म्हणाला. जरा लवकरच म्हणाला.

चार तास लागले. तेव्हापासून प्रोग्राममध्ये काहीही बदललं की रेश्मा यायची. चंदर पंप बंद करायचा आणि दोघं पेटीसमोर बसायची. बोर्ड तापायचा. त्याचा पंखा जळालाय असं चंदरने सांगितलेलं. मग तो वहीने वारा घालायचा, त्यातला निम्मा तिच्याकडे जायचा. ती डोळे मिटून घ्यायची, पण वही तिकडे वळव असं कधी म्हणाली नाही.

आज ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. काम चाळीस टक्क्यांवर आल्यावर ती म्हणाली, "ही शेवटची खेप. सोमवारपासून मी पुण्याच्या ऑफिसात."

चंदरची वही थांबली. अडीचला तिची मुरबाडची गाडी. तोवर बोलायचं, नाहीतर राहिलं.

एकाहत्तर टक्क्यांना वरच्या आळीची बुधीआजी हंडा घेऊन दारात. "पानी कवा सोडशील रे?"

"होतंय आजी. एकाहत्तर टक्के झालं."

"माझा हंडा शून्य टक्के हाय," असं म्हणून ती गेली.

अठ्ठ्याण्णवला रेश्माला पेचकस लागला. तिने त्याची हत्यारांची पिशवी उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेला छोटा पंखा निघाला, कोरा करकरीत.

"हा जळालाय?"

"नाय."

"मग?"

"लावला असता तर… दोन तासांत झालं असतं." तो पेटीकडे बघून बोलत होता. "मंग तुमी एकची गाडी पकडली असती."

ती काही बोलणार, तोच पडद्यावरच्या ओळी थांबल्या. बोर्डाची मेमरी संपली होती. चार तास पाण्यात.

रेश्माने शांतपणे पर्समधून एक कार्ड काढलं आणि बोर्डात सरकवलं. प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चालू झाला.

"हे कुठं केलंत?"

"लॅपटॉपवर. चार मिनिटांत."

"कवा?"

"हे काल. पण जमतंय भाद्रपदापासून." ती कार्डाकडे बघत राहिली. "बोर्डात काय आहे ते आधी नीट बघून घेतलं, की बाहेर केलेलंही चालतं."

चंदरने बराच वेळ घेतला. सवय होती.

"पुण्यात राहून… हितलं चालेल?"

"विचारतोयस की सांगतोयस?"

"विचारतोय."

"मग चालेल," ती म्हणाली.

अडीचची गाडी गेली. साडेतीनचीही गेली. टाकी रिकामी असल्याचं पेटी नेमाने दाखवत होती. पंपाचं मेन बटण मात्र चंदरने हाताने बंद केलेलं होतं आणि ते चालू करायचं राहिलं.

वरच्या आळीला त्या दिवशी पाणी आलं नाही.