गाडी चाकांवर उभी असताना

स्पीडब्रेकरवरून लाल गाडी गेली आणि तिच्या पोटातून ‘कुईं...’ असा आवाज आला, तशी बेकरीची पायरी उतरणारी मुलगी जागच्या जागी थबकली. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. तिने मात्र तो आवाज ओळखला. दोन दारांची ती जुनी, बुटकी स्पोर्ट्स कार गेल्याच महिन्यात तिने बाबांच्या गॅरेजमध्ये दुरुस्त केली होती. चाकं धरून ठेवणाऱ्या दांड्यांमधले झिजलेले रबरी बुश काढून नवे बसवले होते, एकूण एक, स्वतःच्या हातांनी.

गाडी पुढे सिग्नलला थांबली. पावाची पिशवी सावरत ती धावत सुटली आणि तिने काचेवर टकटक केली.

काच खाली आली. आत तिशीतला एक माणूस होता. केस विस्कटलेले, डोळे मात्र शांत.

“तुमची गाडी आवाज करतेय,” ती धापा टाकत म्हणाली.

“हो, करते. पण तेवढं सांगायला तुम्ही धावत आलात?”

“ही गाडी मी दुरुस्त केलीय.”

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. गॅरेजमध्ये गाडी देता-घेताना त्याला फक्त तिचे बाबा भेटले होते. “म्हणजे आभार तुमचे मानायचे राहिले.”

“इतक्यात मानू नका. गाडी आधी बाजूला घ्या.”

कडेला लावलेल्या गाडीपाशी ती वाकली. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये तिने बोटं धरली. चार बोटं जागा असायला हवी होती, भरली सहा. गाडी फुगून उभी होती. तिला सगळं आठवलं... नवे बुश इतके झकास बसले होते की त्या आनंदात गाडी गॅरेजमधल्या लिफ्टवर हवेत टांगलेली असतानाच तिने सगळे बोल्ट करकचून आवळून टाकले होते.

“बिघडलंय का फार?” त्याने विचारलं. “गाडी मामांची. मामा गेले, मग माझ्याकडे आली. दुरुस्तीनंतर मामींना एकदाच फिरवलं. उतरल्यावर म्हणाल्या, ही त्यांची गाडीच नव्हे, नुसते हादरे. देऊन टाक कुणाला तरी. येत्या रविवारी एक जण बघायला येतोय.”

‘नवं रबर आहे, बसायला वेळ लागतो’ हे वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. गिऱ्हाइकांना ते पटतं. यालाही पटलं असतं.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “हे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे असतात, तिचं वजन तिच्यावर असताना. मी टांगलेली असताना आवळले. त्यामुळे गाडी खाली येताच रबर पिळलं गेलं, ते आजतागायत पिळलेलंच आहे. म्हणून आवाज, म्हणून हादरे.”

त्याने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. मग हळूच म्हणाला, “तुमच्या चष्म्याची दांडी ढिली आहे.”

“काय?”

“चौकातलं चष्म्याचं दुकान माझं. मघापासून तुम्ही चौथ्यांदा चष्मा वर सारलात.” त्याने खिशातून बोटाएवढा पेचकस काढला आणि हात पुढे केला. तिने मुकाट्याने चष्मा दिला. दोन वेढ्यांत काम झालं. “हे मात्र हवेत धरूनच आवळतात,” तो म्हणाला.

एवढ्या शरमेतही तिला हसू फुटलं.

बाबांना तिने त्याच दुपारी सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “त्यांनी शोधली चूक, की तू?”

“मी.”

“मग तूच निस्तर,” म्हणाले, आणि उरलेला चहा पिऊ लागले.

गाडी उघडल्यावर डावीकडचे दोन बुश फाटलेले निघाले. नवे गुरुवारी यायचे होते. चष्मेवाला रोज जेवणाच्या सुट्टीत ‘गाडी बघायला’ येऊ लागला. टायरांच्या थप्पीवर बसायचा, प्रश्न विचारायचा आणि उत्तर नीट ऐकून घ्यायचा. बुधवारी बाबा तिच्या कानाशी येऊन पुटपुटले, “गाडी तिकडे आहे आणि याचं तोंड इकडे.”

“बाबा...”

“मी कुठे काय म्हटलं?”

शनिवारी सकाळी पत्र्यावर भुरभुर पाऊस चालू होता. गाडी गॅरेजमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर, स्वतःच्या चारही चाकांवर उभी होती. ती खड्ड्यात उतरली.

“तुम्ही आत बसा. चालवणाऱ्याचं वजन हवंय.”

“आणि शेजारच्या सीटवर कोण?”

“वाळूचं पोतं ठेवलंय. मामींचं वजन किती?”

“ते विचारायची हिंमत मामांचीही झाली नव्हती.”

तिने बोल्ट सैल ठेवून त्याला बसल्या जागी उसळ्या घेत गाडी दोन-तीनदा दाबायला लावली. गाडी हळूच खाली टेकली, दमलेलं माणूस खुर्चीत टेकतं तशी. मग ती एकेक बोल्ट आवळू लागली. त्याचा आवाज वरून, पत्र्याआडून येत होता. चेहरे दिसत नसल्यामुळे की काय, बोलणं सोपं झालं होतं.

“तुम्ही मला खोटं सांगू शकला असतात,” तो म्हणाला. “मला काय कळणार होतं?”

“सुचलं होतं खोटं.”

“मग?”

“तुम्ही विश्वास ठेवला असता... म्हणून नाही सांगितलं.”

वर सीट किंचित करकरली. पाना ‘टक्’ वाजला.

“हललात का?” तिने विचारलं.

“नाही... श्वास घेतला फक्त.”

“तेवढा चालेल.” बरं होतं, खड्ड्यात तिचे तापलेले गाल कुणाला दिसत नव्हते.

रविवारी सकाळी ती मामींच्या घराच्या फाटकाशी हात बांधून उभी राहिली. मामी डोक्याला पांढरा रुमाल बांधून भाच्याशेजारी गाडीत बसल्या. बसताना तिच्याकडे पाहिलंही नाही. गाडी वळणाआड गेली. गल्लीच्या टोकाला स्पीडब्रेकर होता. ती कान देऊन ऐकत राहिली. इंजिनाची घरघर मंदावली, पुन्हा वाढली... मध्ये काहीच नाही.

वीस मिनिटांनी गाडी परतली. मामींचे डोळे ओले होते, आवाज मात्र ठणठणीत.

“त्या माणसाला फोन कर, येऊ नकोस म्हणावं,” त्यांनी भाच्याला सांगितलं. मग तिच्याकडे वळल्या. “वळणावर हे असेच अलगद घ्यायचे गाडी. तू बिघडवलीस म्हणे?”

“हो, मामी.”

“आणि स्वतःहून सांगितलंस. आमच्या ह्यांना तू आवडली असतीस.” त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. “जा, तूही चालवून बघ. याला ने बरोबर. घरात नुसता येरझाऱ्या घालतो आठवडाभर.”

तळ्याकडचा रस्ता मोकळा होता. तिने काच खाली केली. ओल्या गवताचा वास आत आला. 

“गाडी तर झाली ठीक,” तो अखेर म्हणाला. “उद्यापासून दुपारी कुठल्या निमित्ताने येऊ, तेच कळत नाहीये.”

“निमित्त कशाला लागतं?”

“मला... तुम्ही आवडता. नुसत्या आवडत नाही. म्हणजे...” त्याने केसांतून हात फिरवला. “दुकानात लोक अक्षरं वाचून दाखवतात आणि मला तुमचंच बोलणं ऐकू येतं. काल एकाला चुकीचा नंबर देणार होतो.”

तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. समोर तळं, त्यावर वाऱ्याच्या बारीक सुरकुत्या. तिचे हात अजून स्टिअरिंगवरच होते. नखांत काळं ग्रीस होतं. ती ते लपवू लागली, तेवढ्यात त्याने तिचा हात हातात घेतला.

“दिलास का मग?” तिने विचारलं.

“काय?”

“चुकीचा नंबर.”

तो तिच्याकडे पाहतच राहिला. ‘दिलात’ नाही, ‘दिलास’. आपण काय बोलून गेलो ते तिलाही आता कळलं होतं. पण तिने शब्द मागे घेतला नाही.

“नाही,” तो म्हणाला. “पुन्हा तपासला.”

“मग उद्या ये,” ती म्हणाली. “जेवायला ये. बाबांना मी सांगते.”