रामनगरचा प्रोसेसर

ही गोष्ट खरी आहे.

पुरावा मागू नका, माझ्याकडे तो नाही. विश्वेशनं मला ती तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही, एवढंच मी म्हणू शकतो. विश्वेश माझ्या मावसभावाचा धाकटा मुलगा. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. तिन्ही वेळा ते पांढरेफटक होते.

रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती.

रविवार, ९ जून २०२४. दुपारचे सव्वादोन. काशी, मुन्शी घाटाच्या वरची गल्ली, तिसरा मजला.

विश्वेश विद्यापीठाच्या कचेरीत नोकरी करतो. वय एकोणतीस, लग्न व्हायचंय, आणि नाद एकच. कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. पळवला की तो तापतो. तापला की बंद पडतो, कधी जळतो. न जळता कोणाचा किती पळाला, याची जगभरची एक यादी असते. विश्वेश त्या यादीत भारतातून नववा होता.

त्याला पहिला यायचं होतं.

एकाच कारखान्यातून निघालेले दोन प्रोसेसर सारखे नसतात म्हणे. हजारात एखादा असा निघतो की पळवाल तितका पळतो. तो हाती लागावा म्हणून विश्वेश ऑनलाइन जुने प्रोसेसर मागवायचा, तपासायचा, विकून टाकायचा.

घरात थोरला भाऊ ढुंढिराज आणि मालविका वहिनी. ढुंढिराज पौरोहित्य करतो. महाराष्ट्रातून येणाऱ्या मंडळींची श्राद्धकर्मं अमृतराव घाटावर तोच सांगतो.

"आज कोणाला तळतोयस रे?" दादा रोज विचारायचा.

"तुमच्या होमापेक्षा कमी धूर होतो, दादा."

"होमाला दक्षिणा मिळते. तुझ्या होमात नुसतं बिल येतं."

"दोघांनी मिळून एकदा माझा गॅस पेटवून दाखवा," वहिनी आतून म्हणायची. "लाइटर कधीचा बिघडलाय."

असं हसतं खेळतं घर.

त्या आठवड्यात एक जाहिरात दिसली. रामनगरचा माल. नदीपलीकडचा. विश्वेशनं फोन लावला.

"भइया, ऐसा पीस दोबारा नहीं मिलेगा," विकणारा म्हणाला. "जिसका था, जान से ज़्यादा सँभालता था."

"किसका था?"



"अब किसी का नहीं है."

फोन कट.

पार्सल रविवारी दुपारी आलं. दादा घाटावर होता. वहिनी खाली झोपली होती. बाहेर त्रेचाळीस अंश, गल्लीत कुत्रंही नव्हतं.

खोक्यात कागद नव्हता, फोम नव्हता. प्रोसेसर एका पांढऱ्या कापडात गुंडाळलेला होता. कोरं कापड. धोतराची फाडलेली पट्टी असावी तसं.

कापड उलगडलं...

आणि चार-पाच काळे तीळ टेबलावर सांडले.

पुरोहिताच्या घरातल्या मुलाला तिथेच कळायला हवं होतं. पण विश्वेशचं लक्ष त्या चकचकीत चौकोनाकडे. तीळ त्यानं फुंकरीनं उडवले.

प्रोसेसर बसवला. वर उष्णता ओढून घेणारा हीटसिंक, त्यावर पंखा. बटण दाबलं.

चालू झाला. वेग वाढवला. चालला. आणखी वाढवला. चालला. विश्वेशचे आधीचे प्रोसेसर जिथे माना टाकायचे, तिथून हा हसत पुढे गेला.

तापमान पाहिलं. एकावन्न.

इतक्या वेगाला नव्वद हवं होतं. विश्वेशला घाम फुटला तो आनंदानं.

आणखी वेग.

एकेचाळीस.

आणखी.

बत्तीस...

आता मात्र त्याचा हात थांबला. पंखा कितीही फिरला तरी खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. खोली चाळिशीत तापलेली. आणि आकडा उतरत होता.

चोवीस. सतरा. अकरा.

तोंडातून वाफ निघाली. काशीत. जूनमध्ये.

मग त्याच्या लक्षात आलं... पंख्याचा आवाज येत नाहीये.

पाती फिरत होती. गरगर फिरत होती. आवाज नव्हता. खाली नदीतल्या नावांची इंजिनं बंद. कुठल्याशा देवळातली घंटा बंद. त्यानं टेबलावर थाप मारली. तिचाही आवाज आला नाही.

पडद्यावर चाचणीचा निकाल उमटला. पहिला क्रमांक. नुसता भारतातून नव्हे. खाली नावाची चौकट.

ती भरलेली होती.

ऋतुराज.

विश्वेशनं मला हे पुन्हा पुन्हा समजावलं. "काका, प्रोसेसरमध्ये काही साठत नाही हो. वीज गेली की तो कोरा. नाव राहायला त्यात जागाच नसते."

त्यानं नाव खोडलं. पुन्हा आलं. खोडलं. आलं.

आणि डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, काहीतरी ओलं लागलं. हात लावला. केस कोरडे. बोटं कोरडी. पण ओघळ उतरत होता... कॉलरच्या आत... पाठीवरून... गरम.

जिन्यावर पावलं वाजली. तेवढाच एक आवाज जगात शिल्लक होता.

दादा ताकाचा लोटा घेऊन दारात उभा राहिला.

"काय रे हे, एवढा गारठा? एसी कधी घेतलास?"

मग त्याची नजर टेबलावरच्या कापडाकडे गेली. खाली सांडलेल्या तिळांकडे गेली. लोटा हातातून सुटला.

"हे कापड कुठून आलं?"

"रामनगरहून. प्रोसेसर होता त्यात. दादा, ऋतुराज म्हणून कोणी..."

दादाचा चेहरा राखेसारखा झाला.

काशीत माणूस गेला की अकराव्या दिवशी शय्यादान करतात. खाटेवर गादी, छत्री, भांडी, गेलेल्याला जे जे प्रिय ते सगळं मांडून महापात्राला देतात. महापात्र म्हणजे मृताचं दान घेणारा ब्राह्मण. तो पुढे ते विकतो, त्यावरच त्याचं घर चालतं. ढुंढिराजच्या घराण्यात मात्र एक नेम पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला. ज्या दानाचा संकल्प आपण सांगितला, त्यातली काडीसुद्धा आपल्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये.

दोन महिन्यांपूर्वी रामनगरच्या एका मराठी घरात दादानं असा संकल्प सांगितला होता. पंचवीस वर्षांचा मुलगा, ऋतुराज. आई म्हणाली, त्याचा जीव कॉम्प्युटरमध्ये होता. तेव्हा दादानंच तो खाटेवर ठेवायला लावला, हातानं पाणी सोडलं.

"विश्वेश, उठ तिथून," दादा म्हणाला. "आधी तो बंद कर."

विश्वेश उठला.

पण उठला तो विश्वेश नव्हता.

टेबलावर जुना तांब्याचा हीटसिंक पडला होता. किलोभर वजनाचा, धारदार पात्यांचा. विश्वेशच्या उजव्या हातानं तो उचलला. विश्वेशला सगळं दिसत होतं, आपलं बोट वाकवता येत नव्हतं.

"विशू?"

डाव्या हातानं दादाची शेंडी धरली. हिसडा दिला. दादा गुडघ्यांवर आला, कपाळ दाराच्या चौकटीवर आदळलं.

पहिला घाव डोक्याच्या मागे बसला.

नारळ फुटतो तसा आवाज.

विश्वेशच्या तोंडून दुसराच आवाज आला. कोवळा. थट्टेखोर.

"पाय घसरला. म्हणा गुरुजी, पाय घसरला."

दादा सरपटत जिन्याकडे निघाला. विश्वेशचा गुडघा त्याच्या पाठीवर बसला. एक बरगडी मोडली ती विश्वेशला गुडघ्यातून कळली. रक्त ताकात मिसळत होतं.

दुसरा घाव. पहिल्याच्या शेजारी. बोटभर अंतरावर.

"संकल्प सांगताना म्हणालात की! अपघाती निधन. पुन्हा म्हणा!"

हात तिसऱ्यांदा वर गेला. हीटसिंकच्या पात्यांत दादाचे केस अडकलेले होते. आत कुठेतरी विश्वेश ओरडत होता, नको, नको, दादा आहे तो माझा.

"नाही घसरला!" दादा किंचाळला.

हात हवेतच थांबला.

"नाही घसरला पाय. घाटावर तोंडघशी पडला म्हणाले... तोंडावर ओरखडा नव्हता. अंघोळ घालताना मी डोक्याखाली हात दिला. मागे तीन जखमा होत्या. शेजारी शेजारी. त्याच्या थोरल्या भावानं माझ्याकडे पाहिलं. मी... मी मंत्र म्हणत राहिलो." दादा लहान मुलासारखा रडत होता. "मी सांगेन. चौकीत जाऊन सांगेन. ह्याला सोड. ह्याच्या हातून नको करवूस."

किती वेळ गेला, विश्वेशला माहीत नाही.

मग पंखा ऐकू आला. घंटा ऐकू आली. नावेचं इंजिन. उकाडा भिंतीसारखा अंगावर आला. हीटसिंक जमिनीवर पडला. वहिनी जिन्यात उभी राहून किंचाळत होती. कधीपासून, कोण जाणे.

दादा वाचला. एकवीस टाके. दोन बरगड्या. डाव्या कानानं आता ऐकू येत नाही.

खरं भय वाटतं ते पुढच्याचं.

इस्पितळात टाके घालून झाल्यावर तरुण डॉक्टर खाटेशी आला. दारात एक हवालदार वही उघडून उभा.

"पंडितजी, ये कैसे हुआ? गिरने की चोट एक होती है. ये दो हैं."

दादानं विश्वेशकडे पाहिलं. विश्वेशच्या तळहातावर तांब्याच्या पात्यांचे काप होते. तो ते लपवतही नव्हता. खरं सांगितलं तर हा जन्मभर आत जाणार, आणि बाकीच्यावर कोण विश्वास ठेवणार?

वहिनीनं मान खाली घातली.

"सीढ़ी पर," दादा म्हणाला, "पैर फिसल गया, डॉक्टर साहब."

हवालदारानं लिहून घेतलं.

विश्वेशनं वर पाहिलं. वॉर्डातला पंखा...

फिरत होता. गरगर फिरत होता.

आवाज नव्हता.

घरी येऊन त्यानं कॉम्प्युटर उघडला. तो तुकडा गंगेत टाकायचा, मधल्या धारेत, असं ठरवलं होतं. हीटसिंक काढला. खाली प्रोसेसरची जागा रिकामी. उष्णता वर पोचवायला लावलेली पेस्ट ओली होती. तिच्यात एक काळा तीळ रुतलेला.

दादा रामनगरच्या चौकीत अजून गेलेला नाही. तिथे तोंड उघडलं तर आपल्या टाक्यांचीही विचारपूस होईल, विश्वेश अडकेल, म्हणतो. घरात तो भिंतीला पाठ लावूनच बसतो. विश्वेश त्याच्या मागून कधी जात नाही. जेवताना दोघं समोरासमोर बसतात, आणि विश्वेश आपला उजवा हात मांडीखाली दाबून डाव्यानं जेवतो.

घाव तीन होते. दोन झाले.

मी भित्रा माणूस. दुसऱ्याच्या घरात बोलण्याचा मला अधिकार आहे की नाही, हेच ठरवता ठरवता बरेच दिवस घालवले. गेल्या रविवारी दुपारी धीर करून दादाला फोन लावला. म्हणालो, ढुंढिराज, जाऊन ये बाबा एकदा. जे पाहिलंस ते सांगून टाक.

"जाईन, काका. थोडा थंडावा होऊ दे. फार उकडतंय इथे."

फोनवर त्याचा श्वास ऐकू येत होता. बाकी काहीच नाही. गल्ली नाही, घंटा नाही, भांड्यांचा आवाज नाही.

"एवढं उकडतंय तर पंखा तरी लाव की," मी म्हणालो.

"लावलाय की, काका," दादा म्हणाला. "डोक्यावरच फिरतोय."

 मला फोन ठेवता आला नाही. नुसता कानाशी धरून बसलो.

"थांबा हं, काका," दादा म्हणाला, "विशू आलाय वाटतं मागे."