दार नव्हे, दरी

बायकोची मावशी म्हणजे दुसरी सासूच, पण सुमित्रामावशींचं नि माझं भांडण मोठं गोड जमायचं. नगरहून आमच्याकडे अमेरिकेत, पार्सिपनीला शुभाला, म्हणजे माझ्या बायकोला, भेटायला म्हणून आल्या आणि इथेच कॅन्सर निघाला. २००४चा हिवाळा होता. डॉक्टरांनी हात टेकले, तसा आम्ही त्यांचा पलंग खिडकीपाशी लावला. नजर अधू झालेली, म्हणून दुपारी शास्त्र, म्हणजे त्यांचं बायबल, मी वाचून दाखवायचो. मी सॉफ्टवेअर टेस्टर, लोकांच्या चुका काढून पोट भरतो. इथे मावशी माझ्या काढायच्या.

मेंढपाळाच्या स्तोत्रात ‘मृत्युच्छायेच्या दरीतून जात असलो तरी भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस’ अशी ओळ आहे; तिथे मी घाईघाईत ‘दरीतून’चं ‘दारातून’ वाचलं.

“दार नव्हे, संजीवराव, दरी. दार लागलं की संपलं. दरीला पलीकडची बाजू असते.” मग हळूच म्हणाल्या, “फक्त एकटीने ओलांडायची भीती वाटते हो.”

दुसऱ्या दिवशी तेच स्तोत्र वाचलं, मग रोजच वाचत राहिलो.

एकदा पांघरूण सारखं करताना त्यांच्या तळव्यांना माती दिसली. तांबूस, कोरडी. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मावशींना कूस बदलायलाही आम्ही दोघं लागायचो. कुंडीतली असेल म्हणून मी पुसली आणि त्यांना लोकरीचे मोजे घातले. पुढच्या आठवड्यात मोज्यांत कुसळं रुतलेली. शुभाने ती एकेक उपटून काढली, माझ्याकडे बघितलं नाही. दिवसभर झोपून उठल्या की मावशी पिंढऱ्या चेपून मागायच्या. चढ फार आहे म्हणायच्या. मॉर्फिनमुळे भास होतात हे मला पटत होतं, पण मॉर्फिनने कुसळं थोडीच येतात?

एका दुपारी मी पान उघडायच्या आधीच त्यांनी माझा हात धरला. चेहऱ्यावर इतक्या दिवसांत प्रथमच हसू.

“सोबत मिळाली हो.”

“कोणाची?”

“वाचा तुम्ही.”

मी शेवटपर्यंत वाचलं. मान वर केली, तेव्हा मावशी गेल्या होत्या.

मी ढसाढसा रडलो. शुभा म्हणाली, अंग पुसायला पाणी आणते, तू मोजे काढ.

मी मोजे उतरवले.

पाय स्वच्छ होते. कोणीतरी धुऊन पुसलेले. बोटांच्या बेचक्यांत तेवढं थोडं पाणी राहिलं होतं, अजून कोमट.