शेजारचा शब्द

"मॅडम, जरा सरकता का? सेट लावायचाय."

तेरच्या देवळात सप्ताह बसला होता. कीर्तनाला जागा धरून मी खांबाला टेकले होते. वायरींचं भेंडोळं खांद्यावर घेतलेला तो मागं वळून कुणाला तरी सांगत होता — सेट भूमवरनं आला, आवाज सेट करतो, महाराज सेट झाले की चालू करू...

मला हसू आलं. त्यानं भुवया उडवल्या. मग मी सांगितलं, इंग्रजी शिकवते मी; या एवढ्याशा शब्दाला डिक्शनरीत पानंच्या पानं अर्थ आहेत.

"मग रोज एक सांगा की. सप्ताह हाय तवर."

त्याचं नाव कुलदीप. मी रोज एक अर्थ द्यायची. सूर्य मावळतो, तो सेट. दही लागतं, ते सेट. मोडलेलं हाड बसवतात, तेही सेट. तो मान डोलवायचा, आणि मी बसायची त्या बाजूचा स्पीकर जरा हळू करायचा... माझ्या कानाला लागू नये म्हणून.

आमच्या आण्णांना मात्र या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक. मुरुम गावचं स्थळ आलं होतं. पोरगा पुण्यात सेट आहे. काल्याच्या दिवशी पाहुणे मला बघायला येणार, आणि आण्णा तिथंच सुपारी फोडणार होते.

आदल्या दिवशी महाराज अभंगातल्या एका शब्दावर कितीतरी वेळ रमले. म्हणाले, शब्द एकटा मुका असतो. शेजारी कोण बसलंय, त्यावर त्याचा अर्थ. माझी नजर कुलदीपच्या साउंड मिक्सरकडं गेली. तो आधीपासून इकडंच बघत होता.

निघताना त्यानं विचारलं, "आजचा अर्थ?"

"एखाद्यावर मन बसतं... तिथंही हाच शब्द."

तो वायर गुंडाळत राहिला. मग हळूच — "कुणाचं?"

"ते उद्या आण्णांना विचारा. उशीर केलात, तर पाहुणे विचारतील."

काल्याची हंडी फुटली. सगळे एकमेकांना काला भरवत होते, एकमेकांच्या पाया पडत होते. त्यात लहानथोर कुणी नसतं. एरवी जागचा न हलणारा कुलदीप मिक्सर सोडून उठला आणि आण्णांच्या पायाशी वाकला. रीतीप्रमाणं आण्णाही त्याच्या पायाशी वाकले.

"आण्णा, मी सेट न्हाय अजून," तो म्हणाला. "तरी शिवरंजनीला मागायला आलोय. पण आधी तिला विचारा."

आण्णांनी माझ्याकडं पाहिलं. "व्हय का, पोरी?"

"व्हय, आण्णा."

आण्णा हातातल्या काल्याकडं बघत राहिले...

"आत्ताच तुझ्या पाया पडलोय रं," ते शेवटी म्हणाले. "लगेच हाकलू कसा?" आणि तो घास त्यांनी कुलदीपला भरवला. "पाहुण्यांना मी सांगतो. तू आरतीचा आवाज बघ."

ओठाला दही तसंच घेऊन तो मिक्सरकडं पळाला. मी बायकांच्या बाजूनं उठले. सगळ्या बघत होत्या — बघू देत. मी जाऊन त्याच्या शेजारी बसले.